कार्योत्तर मंजुरी

“मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे माणसांनी एकत्र बसून विचार करण्याचा इतिहास आहे,” प्राचार्य डॉ. उंबरकर म्हणाले, आणि खाकरले.

साधंसुधं खाकरणं नव्हतं ते. त्यांनी खोलवरून काहीतरी वर आणलं, तोंडात क्षणभर थांबवलं आणि कुठे टाकावं हे न सुचल्यामुळे परत आत पाठवून दिलं. एरवी असल्या भाषणाला मी सभागृहात अगदी मागच्या रांगेत, दाराजवळ बसलो असतो. पण ही सभा ऑनलाइन होती. माझ्या दोन्ही कानांत इअरफोन होते आणि सरांनी माइक ओठांना टेकवला होता. त्यामुळे मानवी संस्कृतीचा तो सगळा इतिहास माझ्या मेंदूपासून दोन बोटांवर घडला.

“सर, विषयाला सुरुवात करायची का?” मी विचारलं.

“तोडणकर, आधी प्रतिमापूजन.”

त्यांनी मोबाइल फिरवून शोकेसवरच्या सरस्वतीकडे धरला. आम्हाला उभं राहायला सांगितलं. उभं राहिल्यावर कॅमेऱ्यात कुणाचंच तोंड उरलं नाही. मला एका चौकोनात मुजावर सरांचं पोट आणि लेंग्याची नाडी दिसत होती, दुसऱ्यात सोनटक्के मॅडमच्या घरचं कॅलेंडर, आणि तिसऱ्यात, हार घातलेली आणि थोडी हलणारी, विद्येची देवता.

टाळेबंदीच्या वर्षातली ही गोष्ट. एका विद्यापीठाने शिक्षकांसाठी ऑनलाइन अध्यापनाचा एक छोटा अभ्यासक्रम काढला होता. राज्यभरातून माणसं आली होती आणि यंत्राने त्यांचे चार-चारांचे गट पाडले होते. शेवटी प्रत्येक गटाने मिळून एक अहवाल द्यायचा. आमच्या वाट्याला विषय आला ‘ऑनलाइन शिक्षणातील गटकार्य आणि संवादमाध्यमाची निवड’. म्हणजे आपापसांत कशावर बोलायचं ते चौघांनी ठरवायचं, तसं बोलून पाहायचं आणि काय अनुभव आला ते लिहायचं. इतकं सोपं की माझी बायको वृषाली म्हणाली, “आमच्या भजनी मंडळातल्या बायका हे एका दुपारात करून वर पापड लाटतील.”

मला ते प्रमाणपत्र हवंच होतं. आमच्या संस्थेत वाणिज्य विभागात एक पूर्णवेळ जागा निघाली होती. मी त्याच विभागात कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे, तास चालू आहे तोवर तुम्ही प्राध्यापक. घंटा झाली की तुम्ही कुणीही नाही. जाहिरातीत या प्रमाणपत्राची अट होती. आणि पुढच्या वर्षी मी वयोमर्यादेच्या बाहेर जाणार होतो.

बाकी तिघांचं तसं काही अडलेलं नव्हतं. डॉ. उंबरकर साताऱ्याकडच्या एका महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांना केबिनच्या भिंतीवर एक चौकट मोकळी दिसत होती. हेमलता सोनटक्के मॅडम वर्ध्याच्या, गृहविज्ञान शिकवायच्या. शकील मुजावर मिरजेचे, क्रीडासंचालक. त्यांचं नाव संस्थेने परस्पर घातलं होतं.

पूजन झाल्यावर सर म्हणाले, “आता अध्यक्षांची निवड. माझ्या नावाला सूचक कोण?”

“मी हाय की सर,” मुजावर म्हणाले. ते उकडलेली अंडी सोलत होते.

“अनुमोदक?”

सोनटक्के मॅडमचे ओठ हलले. आवाज नाही.

“मॅडम, माइक.”

ओठ हलले.

“मॅडम, खाली डावीकडे माइकचं चित्र आहे.”

मॅडमच्या खांद्यावरून एक केसाळ हात आला. हाताला लोंबणारी बनियन आली, मग काख आली, आणि ती काख पडदाभर पसरून आमच्याकडे बघत राहिली. मी नजर फिरवली, तर दुसऱ्या चौकोनात मुजावर सर अंड्याचा बलक मिठात बुडवत होते.

“आता येऊन राहिला का आवाज?” मॅडम म्हणाल्या. “हे म्हणजे आमचे मिस्टर. मी काय म्हणत होती, की माझं अनुमोदन आहे.”

सर अध्यक्ष झाले. मी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय शिकवतो, म्हणून मला चिटणीस केलं. चिटणिसाने अध्यक्षांचा परिचय करून द्यायचा. परिचय सरांनी आधीच पाठवून ठेवला होता. मला तो फक्त वाचायचा होता, आणि तो संपत नव्हता. मग अध्यक्षीय भाषण सुरू झालं.

“म्हणून मित्रहो, संवाद म्हणजे काय? तर संवाद म्हणजे...”

पडदा काळा झाला. फुकटातली बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होते.

मी लगेच नवी लिंक पाठवली. दोन मिनिटांत सरांचा फोन आला.

“तोडणकर, सभा अध्यक्षांनी संपवली का?”

“नाही सर, ॲपने संपवली. पण लिंक पाठवलीय, परत जोडता येईल.”

“असं कसं जोडता येईल? अध्यक्षांनी न संपवता बंद पडली म्हणजे सभा तहकूब झाली. नवीन सभेला सात पूर्ण दिवसांची सूचना लागते. तुम्ही हाच विषय शिकवता ना?”

“हो सर.”

“मग?”

पाठ्यपुस्तकात तसंच आहे. कंपनीच्या संचालक मंडळासाठी आहे, हे मी म्हणालो नाही.

सूचना काढली. ती सरांनी परत पाठवली, कारण तिच्यावर जावक क्रमांक नव्हता. चार माणसांच्या गटाला मी जावक क्रमांक एक दिला. मग विषयपत्रिकेत ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा विषय राहिला होता, म्हणून ती पुन्हा परत आली. तेवढ्यात आठवडा सरत आला आणि सूचनेचे सात दिवस नव्याने मोजायला लागले.

“सरळ व्हॉट्सॲपवर विचार ना सगळ्यांना,” वृषाली म्हणाली.

विचारलंच होतं. व्हॉट्सॲपचा गट होता. त्यावर रोज सकाळी उंबरकर सरांकडून उगवता सूर्य यायचा, खाली सुविचार, त्याखाली मुजावर सरांचा गुलाब. मग मी लिहायचो: ‘अहवालातला कोणता भाग कोण लिहिणार? कृपया आज सांगावे.’ त्याखाली जोडलेले हात. तिघांचे. सोनटक्के मॅडम व्हॉट्सॲपवर मिस्टरांच्या नंबरावरून होत्या, त्यामुळे ते हात कुणाचे हाही प्रश्नच होता. प्रश्न विचारला की हात जोडायचे, ही आपल्याकडची फार जुनी सोय आहे. दिसायला नम्र दिसते आणि अंगाला काही लागत नाही.

मुजावर सर मात्र उत्तर द्यायचे. ते लिहीत नसत, बोलून पाठवत. गच्चीवर फेऱ्या मारताना पाठवत. आधी बराच वेळ धापा, मग नाक शिंकरल्याचा आवाज, मग, “तोडणकर सर... काय टेन्शन घेऊ नका... व्हतंय की सगळं...” आणि परत धापा. ऐकताना कुणाचा तरी घाम आपल्या कानात गळतोय असं वाटे. मी ते पूर्ण ऐकायचो, न जाणो शेवटी काही कामाचं असेल. शेवटी ते म्हणायचे, “चला, ठेवतो.”

सोनटक्के मॅडमना फोन केला.

“सर, मला मेल करत जा. मेल बरा. व्यवस्थित राहते.”

“केला होता मॅडम. तीन वेळा.”

“हो का? ह्यांनी पाह्यला नसंल मग.”

“तुमचा मेल सर बघतात?”

“पासवर्ड त्यांच्यापाशी आहे ना. रविवारी सुट्टी राहते त्यांना, तेव्हा पाहतात आणि मला वाचून दाखवतात. महत्त्वाचं असंल तेवढं.”

मागून आवाज आला, “कोण आहे?”

“गटातले सर आहेत हो, कोकणातले.”

“त्यांना म्हणा मेल करा.”

दुसऱ्या सभेत संवादमाध्यमाचा विषय अखेर पुकारला गेला. पूजन, इतिवृत्त वाचन आणि इतिवृत्तातल्या दोन दुरुस्त्या आटोपल्यावर. दुरुस्त्या अशा की मी ‘उंबरकर सर’ लिहिलं होतं, ते ‘मा. अध्यक्ष महोदय’ करायचं. आणि अंडी खाल्ल्याचा उल्लेख गाळायचा.

मी घाईघाईने बोललो. “अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर चर्चा मंच आहे. सगळं एका जागी राहतं, ज्याला जेव्हा वेळ होईल तेव्हा लिहिता येतं. प्रत्येकाने चार ओळी टाकल्या तरी अहवाल होईल. आणि हे जरा माझ्यासाठी म्हणून सांगतो. या प्रमाणपत्रावर माझी नोकरी आहे. ही संधी गेली तर मला पुन्हा अर्ज करता येणार नाही. एवढं कृपया लक्षात घ्या.”

तिघांनीही माना हलवल्या. मला वाटलं, पोचलं.

“सभेने नोंद घेतली आहे,” सर म्हणाले, आणि मोटारीच्या किल्लीने कान कोरू लागले. किल्ली बाहेर काढून त्यांनी उजेडात धरून पाहिली. “मंचाची सूचना चांगली आहे. पण एकदम निर्णय नको. व्हॉट्सॲपचं काय, मेलचं काय, दूरध्वनीचं काय, सगळ्यांचा साधकबाधक विचार झाला पाहिजे. त्यासाठी मी एक उपसमिती सुचवतो.”

“उपसमितीत कोण, सर?”

“आपण चौघे.”

“मंजूर,” मुजावर म्हणाले.

“मॅडम?”

ओठ हलले.

पडदा काळा झाला.

त्या दुपारी मी चर्चा मंचावर एकटाच गेलो आणि पहिली नोंद लिहिली. लगेच उत्तर आलं. ‘अभिनंदन! आपण संवादाला सुरुवात केली आहे.’ ते यंत्राचं होतं. पुढे कितीतरी दिवस त्या मंचावर मी आणि ते यंत्र दोघंच होतो. मला त्याचा सहवास आवडू लागला होता. ते खाकरत नसे.

मुदतीचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा उपसमितीच्या सभेची सूचना जावक क्रमांकासाठी अडलेली होती. मूळ समितीचे क्रमांक पुढे चालू ठेवायचे की उपसमितीचे एकपासून सुरू करायचे, यावर सरांचं मत बनत होतं. मी वृषालीला म्हणालो, “मी लिहून टाकतो.”

“एकटा?”

“मग काय करू? जागा जाईल.”

“आणि अनुभव काय लिहिणार? हा?”

“हा लिहिला तर चौघंही नापास होऊ.”

तीन दिवस बसून मी अहवाल लिहिला. त्यात एक गट होता. त्या गटातल्या चौघांनी आधी प्रत्येक माध्यमाचे फायदेतोटे पाहिले. घरी संगणक नसलेल्या सहकाऱ्याची अडचण त्यांनी ओळखली, बोलण्यात सोपं वाटणाऱ्याला बोलू दिलं, लिहिण्यात सोपं वाटणाऱ्याला लिहू दिलं, आणि सगळं मंचावर एकत्र आणलं. मतभेद झाले तेव्हा ते एकमेकांशी सभ्यपणे बोलले. लिहिता लिहिता मला त्या माणसांची ओढ वाटायला लागली. अशा गटात काम करायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

अहवाल मी सगळीकडे पाठवला. मंचावर टाकला, व्हॉट्सॲपवर टाकला, मेल केला, आणि सोनटक्के मॅडमच्या मिस्टरांना वेगळा फोन करून सांगितलं की मेल महत्त्वाचा आहे, रविवारची वाट बघू नका.

मुजावर सरांची धाप आली. “एक नंबर लिवलंय सर... डोळ्यात पानी आलं... आपण एवढं सगळं केलं व्हय?”

सोनटक्के मॅडमचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या आवाजात आणि आनंदात. “ह्यांनी पूर्ण वाचून दाखवला. सर, आपला गट किती छान आहे हो!”

मग उंबरकर सरांचा.

“अहवाल उत्तम आहे.”

“धन्यवाद सर.”

“भाषा उत्तम आहे. माझं नाव पहिलं घातलंत, ते योग्य केलंत. मात्र मला एक सांगा, तुम्हाला लिहायला कोणी सांगितलं?”

“सर, परवा मुदत संपते.”

“तो मुद्दा नाही. गटाने ठराव केला का, की तोडणकरांनी अहवाल लिहावा?”

“नाही. पण गटाने काहीच...”

“मग हा गटाचा अहवाल कसा? हा तुमचा अहवाल झाला. उद्या कुणीही उठेल आणि काम करून टाकेल. मग संस्था चालायच्या कशा?” ते खाकरले. मी फोन कानापासून लांब धरला, तरी ऐकू आलं. “असो. झालं ते झालं. आपण याला कार्योत्तर मंजुरी घेऊ. उद्या तातडीची सभा बोलवा. तातडीच्या सभेला सात दिवस लागत नाहीत.”

पाठ्यपुस्तकात तीही तरतूद आहे. ती आधीच का वापरली नाही, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण जाहिरात डोळ्यांपुढे होती. “बोलवतो सर,” म्हणालो.

तातडीच्या सभेला पूजन नव्हतं. परिचय नव्हता. सोनटक्के मॅडमचा माइक पहिल्यापासून चालू होता. मुजावर सर चक्क टेबलाशी बसले होते आणि काही खात नव्हते. मला ते बघूनच बरं वाटलं.

“विषय एकच,” सर म्हणाले. “चिटणिसांनी स्वतःच्या जबाबदारीवर केलेल्या कामास कार्योत्तर मंजुरी. तोडणकर, विषय तुमच्याशी संबंधित असल्यामुळे तुम्ही सभेबाहेर थांबावं. संकेत आहे तसा.”

“सर, बैठक माझ्या खात्यावरून आहे. मी बाहेर पडलो तर...”

“मग कानातलं काढून ठेवा आणि खोलीबाहेर जा. आम्ही फोन करू.”

मी इअरफोन टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेलो. वृषाली कोकमं निवडत होती.

“काय झालं?”

“माझ्यावर चर्चा चालू आहे. मला हजर राहता येत नाही.”

“आणि तू आलास उठून?”

“संकेत आहे.”

तिने कोकमांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं. मी निवडायला बसलो. आमचा जेमतेम अर्धा ढीग झाला असेल, तोच फोन वाजला.

“या तोडणकर, या. मंजुरी दिली आहे. एकमताने.”

मी धावत जाऊन पडद्यासमोर बसलो. तिघेही हसत होते. सोनटक्के मॅडमच्या मागे बनियन होती, तीही हसत होती.

“वेळेत झालं बघा,” मुजावर म्हणाले.

खरोखरच झालं होतं. सरांनी आभार मानले, अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपल्याचं जाहीर केलं, आणि मग मी स्वतःच्या हाताने ती बंद केली. मी अहवाल दाखल केला. गटातल्या प्रत्येकाने बाकीच्यांना सहकार्यासाठी दहापैकी गुण द्यायचे होते आणि एक शेरा लिहायचा होता. मी तिघांना दहा-दहा देऊन टाकले. शेऱ्यात ‘उत्कृष्ट मार्गदर्शन’, ‘उत्कृष्ट उत्साह’ आणि मॅडमसाठी ‘उत्कृष्ट’ एवढंच लिहिलं. लिहिताना तोंडात काहीतरी कडू आलं, पण ते मी आत पाठवून दिलं.

निकाल लागला. व्हॉट्सॲपवर सरांनी त्यांचं प्रमाणपत्र टाकलं, मग मॅडमच्या मिस्टरांनी मॅडमचं, मग मुजावर सरांचा गुलाब. मी माझं उघडायला गेलो. पडद्यावर आलं, ‘अनुत्तीर्ण’.

यंत्राची चूक असणार. मी अभ्यासक्रमाच्या समन्वयक बाईंना फोन लावला. कुणी लिमये म्हणून होत्या, आवाज अगदी गोड.

“तोडणकर सर! तुमच्या गटाचा अहवाल आमच्या सगळ्यांना इतका आवडला! सर्वांत जास्त गुण तुमच्या गटाला आहेत.”

“मग मी नापास कसा?”

“थांबा हं, बघते.” कळफलक वाजला. “हो, अहवालात तुम्ही उत्तीर्णच आहात. सहकार्यात गेलात.”

“कशात?”

“सहकार्यात. सहकाऱ्यांनी दिलेले गुण. त्यात स्वतंत्र उत्तीर्ण व्हावं लागतं. तुम्हाला तिघांनीही दहापैकी तीन दिलेत.”

“तिघांनीही तीन?”

“हो, आणि शेराही एकच आहे. शब्दन् शब्द. वाचू का? ‘सदर सदस्य उत्साही असले तरी सर्वांना बरोबर घेऊन जाण्याची वृत्ती त्यांच्यात विकसित व्हावी, असे गटाचे एकमताने ठरले.’” त्या थांबल्या. “खरं सांगू का सर, शंभरएक गटांत एकमताने शेरा लिहिलेला हा एकच गट. आम्हाला फार कौतुक वाटलं.”

मी कोकमं निवडत होतो तेवढ्या वेळात ते झालं होतं. एकाच माध्यमावर, तिघांचे माइक चालू, कुणी कुणाला तोडलं नाही, मसुदा ठरला, गुण ठरले, आणि वेळेत संपलं. माझ्या अहवालात होता तसा गट त्या वेळी खरोखर अस्तित्वात आला होता. फक्त त्यात मी नव्हतो.

मी उंबरकर सरांना फोन केला.

“व्यक्तिगत घेऊ नका,” ते म्हणाले. “तुमच्याविषयी आम्हा सर्वांना प्रेमच आहे. तत्त्वाचा प्रश्न होता. कामाला मंजुरी दिली, पद्धतीबद्दल नापसंती नोंदवली. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत.”

“सर, माझी नोकरी गेली यात.”

“नोकरीचा काय संबंध?”

“मी सांगितलं होतं. दुसऱ्या सभेत. या प्रमाणपत्रावर माझी जागा अवलंबून आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, नोंद घेतली.”

“असं?” कागद चाळल्याचा आवाज आला. “इतिवृत्तात तर काही नाही. इतिवृत्त तुम्हीच लिहिलंत ना?”

“स्वतःबद्दलचं कसं लिहिणार, सर?”

“मग ते सभेपुढे आलंच नाही, असं होतं.” त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला होता. “पुढच्या वेळी लेखी द्या. कसं आहे तोडणकर, माणूस म्हणून मी समजू शकतो.” आणि ते खाकरले. या वेळी त्यांना जागा सापडली असावी. थुंकल्याचा आवाज आला, नळ सोडल्याचा आवाज आला आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळी मुजावर सरांची धाप आली. ते चालत नव्हते, तरी होती. “सर... आईशप्पत, मला म्हाईत नव्हतं... मोठे सर म्हणाले ह्यो मजकूर टाका आन् तीन द्या, मी टाकलं... मला वाटलं सगळ्यांनाच तीन द्यायचं असत्यात... तुमचं काम व्हायाला पायजे सर... काय टेन्शन घेऊ नका...”

त्यानंतरच्या रविवारी सोनटक्के मॅडमचा मेल आला. मजकूर मिस्टरांचा होता. ‘गटाच्या उज्ज्वल यशाबद्दल सर्वांचे हार्दिक अभिनंदन.’

मी मोबाइल उपडा ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन दोन्ही कान साबणाने धुतले. वृषालीने दार वाजवून विचारलं, “काय करतोयस इतका वेळ?” बाहेर आलो तर ती पंचा घेऊन उभी होती.

“अर्ज तरी कर,” ती म्हणाली. “कोण बघतंय?”

केला. छाननीत बाद झाला. बघणारे होते. संस्थेच्या कार्यालयातल्या चव्हाणांनी मला बोलावून कागद दाखवला आणि म्हणाले, “तोडणकर, सगळं पूर्ण आहे हो तुमचं, तेवढं एक प्रमाणपत्र राहिलं बघा. एवढंसं काम, करून टाकायचं ना.”

पुढच्या वर्षी मी वयाच्या बाहेर गेलो. विद्यापीठाने आमचा अहवाल नमुना म्हणून संकेतस्थळावर ठेवला. त्यावर उत्तीर्ण सदस्यांचीच नावं घालायचा नियम असल्यामुळे लेखक तीन आहेत. नवे शिक्षक तो वाचतात. आमच्याच महाविद्यालयातल्या एका नव्या शिक्षिकेने मला तो अभ्यासायला म्हणून पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सर, असं काम करायला हवं.’ मी तिला जोडलेले हात पाठवले.

त्या जागेच्या मुलाखती झाल्याच नाहीत. भरतीवर स्थगिती आली, ती अजून उठलेली नाही. जागा रिकामी आहे. तिचे तास मीच घेतो.